बावीस तासांची नोटीस : फ्लॅपी बर्ड प्रकरण

८ फेब्रुवारी २०१४ ची ही गोष्ट. हनोईत तोवर तारीख बदलून गेली होती. न्गुयेन हा डोंग नावाच्या प्रोग्रॅमरने ट्विटरवर लिहिलं की फ्लॅपी बर्ड खेळणाऱ्यांनो, माफ करा, आजपासून २२ तासांनी मी हा गेम काढून टाकतोय. मला आता हे सहन होत नाही. पाठोपाठच्या ट्विटांत त्याने आणखी थोडा खुलासा केला. यात कायदेशीर भानगड काही नाही. गेम विकायचा नाही, कृपया विचारू नका. आणि मी गेम बनवणं सोडलेलं नाही.

फ्लॅपी बर्ड हा मोबाइलवरचा गेम तेव्हा शंभरावर देशांत मोफत ॲपच्या यादीत पहिल्या नंबरवर पोचलेला होता. डाउनलोड ५ कोटींच्या घरात होते. गेममधल्या जाहिरातींतून दिवसाला सरासरी ५० हजार डॉलर येतात, असं डोंगनेच 'द व्हर्ज' या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाला सांगितलं होतं. तेव्हाच्या भावाने रोजचे ३१ लाख रुपये. व्हिएतनामचं दरडोई वार्षिक उत्पन्न त्या काळी दोन-अडीच हजार डॉलर होतं. तिथला सर्वसाधारण माणूस वीस वर्षांत जे कमावेल, ते याच्या खात्यात एका दिवसात जमा होत होतं.

हे प्रकरण साधारणपणे दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. एक, पैशाला लाथ मारणाऱ्या साध्या मुलाची गोष्ट. दुसरी, प्रसिद्धीसाठी केलेल्या चलाख नाटकाची. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीत हिशेब बघितलेला नाही आणि दुसरीत तारखा. दोन्ही नीट पाहिल्या की प्रश्न वेगळाच उरतो : त्या २२ तासांनंतर डोंगने नेमकं काय काढून टाकलं, आणि काय काढून टाकणं त्याच्या हातात होतं?

गेम आणि गेमवाला

डोंगचा जन्म १९८५ चा, हनोईला लागून असलेल्या वान फुक गावातला. हे गाव रेशमी कापडासाठी प्रसिद्ध आहे. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आई सरकारी नोकरीत. अस्सल निन्टेन्डो, म्हणजे त्या नावाच्या जपानी कंपनीचा टीव्हीला जोडायचा गेम, परवडण्यासारखा नव्हता, म्हणून घरात त्याची नक्कल आली आणि तिच्यावर पोरगा मारिओ खेळत बसायचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला 'व्हिडिओ गेम' मिळायचा, तोही याच नकलांच्या खानदानातला. ज्यांच्या घरी तो होता त्यांना फ्लॅपी बर्डमधले हिरवे नळ पाहून मारिओमधल्या तसल्याच नळांची आठवण झाली, हे वेगळं सांगायला नको. हे नळ पुढे डोंगला महागात पडले.

सोळाव्या वर्षी तो प्रोग्रॅमिंग शिकला, हनोईच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गेला, काही काळ एका स्थानिक गेम कंपनीत काम केलं. २०१३ मध्ये त्याची दिवसाची नोकरी होती टॅक्सीचं ठिकाण दाखवणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची. राहायला आई-वडिलांकडेच. रात्री आणि सुट्टीत स्वतःचे छोटे गेम करायचे आणि डॉटगिअर्स या नावाखाली टाकायचे, असा क्रम होता.

एप्रिलच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये एकीकरण दिनाची सुट्टी असते. त्या जोडसुट्टीत, दोन-तीन दिवसांत त्याने फ्लॅपी बर्ड लिहून काढला. पक्षी आधीच तयार होता. २०१२ मध्ये अर्धवट सोडलेल्या दुसऱ्या एका गेमसाठी काढलेला. डोक्यात कल्पना साधी होती. गर्दीच्या गाडीत उभा असलेला माणूस एका हाताने कडी धरतो, त्याच्याकडे उरतो दुसऱ्या हाताचा अंगठा. त्या अंगठ्यापुरता गेम हवा. अँग्री बर्ड्स त्याला फार गजबजलेला वाटायचा.

गेम बघायचा तर असा : पडद्यावर जाड ओठांचा, पिवळा, चौकटी-चौकटींचा पक्षी. पुढे तो आपला आपण सरकतो. बोट टेकवलं की एकदा पंख मारून उसळतो, नाही टेकवलं की धाडकन खाली येतो. समोरून नळांच्या जोड्या येतात, एक वरून लोंबणारा, एक जमिनीतून वर आलेला. मधल्या फटीतून पक्षी काढायचा. एक जोडी पार झाली की एक गुण. दहाला कांस्यपदक, वीसला रौप्य, तीसला सुवर्ण, चाळीसला प्लॅटिनम. याच्या पलीकडे गेममध्ये काही नाही. पुढची पातळी नाही, सोपा-अवघड असा पर्याय नाही, जादा जीव विकत मिळत नाही. गुरुत्वाकर्षण मुद्दाम इतकं जड ठेवलंय की बोट कणभर लवकर किंवा उशिरा पडलं तरी खेळ खलास. पहिल्या खेपेला बहुतेकांचा पक्षी पहिल्याच नळावर आपटतो.

मरण कसं असावं यावर डोंगने बराच वेळ घालवला होता. पक्ष्याचा स्फोट करून पाहिला, त्याला टप्पे खायला लावून पाहिलं, शेवटी चोच जमिनीत घालून पडणं पसंत केलं. मला विचाराल तर अख्ख्या गेमचं मर्म इथे आहे. ते पडणं इतकं फजितीचं दिसतं की खेळणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग राग, आणि राग ओसरण्याच्या आत नवा डाव सुरू करायचं बटण समोर असतं. एक डाव पाच-दहा सेकंदांचा. 'आता शेवटचा' म्हणायला कुणाला कधी जड गेलं नाही.

आठ महिने शांतता, मग जानेवारी

२४ मे २०१३ ला गेम ॲपलच्या स्टोअरवर आला. नाव आधी 'फ्लॅप फ्लॅप' ठेवलं होतं, ते कुणीतरी घेतलेलं निघालं म्हणून 'फ्लॅपी बर्ड'. पुढचे कित्येक महिने काहीच झालं नाही. रोज ढिगाने गेम टाकले जातात, त्यातला हा एक. जाहिरात केली नव्हती आणि करायला पैसेही नव्हते.

वर्षअखेरीकडे तो हळूहळू वर सरकायला लागला. का, याचं नेमकं उत्तर कुणालाच देता आलेलं नाही. शाळा-कॉलेजातली पोरं स्कोअरचे फोटो टाकत होती, स्टोअरवरच्या अभिप्रायांत 'हा गेम डाउनलोड करू नका, माझं वाटोळं झालं' असली विनोदी रडगाणी लिहायची स्पर्धा लागली होती. १७ जानेवारी २०१४ ला गेम अमेरिकेत मोफत ॲपच्या यादीत पहिला आला. जानेवारी सरता सरता प्यूडीपायने, म्हणजे यूट्यूबवरच्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या गेमवाल्याने, 'हा गेम खेळू नका' असं म्हणत त्यावर व्हिडिओ केला. व्हायचं तेच झालं. ३० तारखेला अँड्रॉइडवर गेम आला आणि तिथेही काही दिवसांत वर गेला. त्याचे आधीचे दोन गेम, सुपर बॉल जगलिंग आणि शुरिकेन ब्लॉक, आपसूक पहिल्या दहात जाऊन बसले.

पहिल्या नंबरापासून काढून टाकण्याच्या घोषणेपर्यंत दिवस मोजा : बावीस. ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढ्या दिवसांत साधं भाड्याचं ऑफिस मिळत नाही.

आणि या बावीस दिवसांत काय काय आलं? कौतुक आलं, पण त्याच्या मागोमाग बाकीचंही आलं. एका मार्केटिंगवाल्याने जाहीर शंका घेतली की हे डाउनलोड यंत्रांकरवी फुगवलेले असावेत. पुरावा काही नव्हता, पण शंका जगभर फिरली. डोंगचं उत्तर होतं की मी खोटेपणा केला असता तर ॲपलने महिनोन्‌महिने गेम ठेवला असता का? मग नळांचा विषय निघाला. एका नामांकित गेमिंग संकेतस्थळाने 'चोरलेल्या चित्रांवर रोजचे ५० हजार डॉलर' अशा थाटाचा मथळा दिला. तो नंतर बदलला, संपादकाने माफीही मागितली, पण व्हायचा तो बोभाटा झाला होता. एका फ्रेंच चित्रकाराच्या २०११ मधल्या, निवडुंगातून पक्षी उडवण्याच्या गेमशी तुलना झाली. निन्टेन्डोने मात्र तक्रार केलीच नव्हती. आम्ही काही केलेलं नाही, असं कंपनीने पुढे स्पष्ट सांगितलं.

व्हिएतनाममधली वार्ताहर मंडळी वान फुकच्या घरासमोर ठाण मांडून बसली. गंमत म्हणजे गेम गाजेपर्यंत आई-वडिलांना असा काही गेम आहे हेच माहीत नव्हतं. पोरगा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, एवढीच त्यांची कल्पना.

आणि मग संदेश. पुढे मार्चमध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाच्या वार्ताहराला त्याने फोनवरचे काही दाखवले. एका बाईने त्याला जगातल्या पोरांचं लक्ष विचलित केल्याबद्दल झापलं होतं. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं की आमच्या शाळेत तेरा जणांनी या गेमपायी फोन फोडले आणि तरी खेळतात. कुणाची नोकरी गेली होती, कुठल्याशा आईने मुलांशी बोलणं सोडलं होतं. जीवे मारण्याच्या धमक्या वेगळ्याच. आधी त्याला ही सगळी थट्टा वाटली, मग वाटेनाशी झाली. शाळेत असताना काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेमच्या नादाने तो स्वतः परीक्षेत आपटला होता. त्यामुळे असल्या पत्रांकडे काणाडोळा करणं त्याला जमलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने लिहिलं होतं की वृत्तपत्रवाले माझ्या यशाचा बाऊ करतायत, मला शांतता द्या. घोषणेच्या दिवशी त्याच्या आधी एक ट्विट आहे : फ्लॅपी बर्डला माझं यश म्हणता येईल, पण त्याने माझं साधं आयुष्य मोडलं, म्हणून आता मला त्याचा तिटकारा आहे. नाटक म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा. चिडचिड आठवडाभर वाढत गेलेली उघड दिसते आणि तिच्या टोकाला निर्णय आहे.

मंद करायची सोय नव्हती

त्याने दुसरं काय करायला हवं होतं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आपणही विचारू.

विकता आला असता. पण विकल्याने गेम थांबत नाही, आणि संदेश पाठवणाऱ्यांच्या लेखी 'फ्लॅपी बर्डवाला' डोंगच राहिला असता. माणसं नेमायची, एखाद्याला बोलायला पुढे करायचं, वकील गाठायचा, ट्विटर दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे शहाणपणाचं होतं. पण असं करायला आधीपासून कंपनी चालवण्याची सवय लागते. रात्री घरी बसून गेम करणाऱ्या माणसाला ती तीन आठवड्यांत लागत नाही. गेमला किंमत लावली असती तर नवे लोक कमी आले असते, जुने कोट्यवधी तसेच राहिले असते. 'आता थोडी विश्रांती घ्या' अशी पाटी टाकता आली असती. गेम परत आणलास तर काय बदलशील, या प्रश्नावर त्याने नंतर अशीच सूचना टाकीन असं सांगितलं. म्हणजे हा विचार सुचला, पण धूळ खाली बसल्यावर.

उरतो गेमच सोपा किंवा संथ करण्याचा मार्ग, आणि प्रकरणाची खरी गाठ इथे आहे.

त्याच वसंतात, २६ मार्च २०१४ ला, कँडी क्रश सागाची कंपनी 'किंग' न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, २२.५० डॉलरच्या भावाने बाजारमूल्य ७ अब्ज डॉलरच्या आसपास. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात. संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे टाका. आपण याला लुबाडणूक म्हणतो आणि ती आहेच. पण त्याच अर्ध्या तासात खेळणाऱ्याच्या हातून फोन खाली ठेवला जातो, आणि कंपनीच्या हाती वाटेल तेव्हा कमी-जास्त करता येणारी कळ राहते. पातळ्या, वाट बघणं, खरेदी, सूचना, अशा डझनभर कळा. फ्लॅपी बर्डमध्ये यातलं एकही नव्हतं. डोंगने तो इतका उघडावाघडा, इतका प्रामाणिक बनवला होता की मंद करायला काही शिल्लकच नव्हतं. गुरुत्वाकर्षण हलकं केलं तर तो गेमच राहत नाही. शेगडीला बटण नाही, फक्त सिलिंडरचा रेग्युलेटर, अशी अवस्था. त्याने रेग्युलेटर फिरवला.

एका बाबतीत मात्र मला त्याचं पटत नाही. २२ तासांची नोटीस द्यायला नको होती. सभ्य माणसाला न सांगता जाणं जमत नाही, हे खरं. पण त्या नोटिशीने जी गर्दी हटवायची होती तीच बोलावली. उद्या मिळणार नाही म्हटल्यावर ज्यांनी नाव ऐकलं नव्हतं तेही डाउनलोड करायला धावले, आणि एका रात्रीत बातमी गेमिंगच्या पानावरून पहिल्या पानावर आली. गुपचूप काढला असता तर आठ-दहा दिवस तर्कवितर्क चालले असते, एवढंच.

काय काढलं, काय राहिलं

ठरल्या वेळी गेम दोन्ही स्टोअरवरून नाहीसा झाला. एक-दोन दिवसांत डोंगने हनोईतल्या एका हॉटेलात 'फोर्ब्स'ला मुलाखत दिली. चेहरा छापायचा नाही, ही अट. मुलाखत काही तास उशिरा सुरू झाली, कारण ऐनवेळी त्याला व्हिएतनामचे उपपंतप्रधान वू डुक डाम यांच्या भेटीला बोलावलं होतं. मुलाखतीत त्याने दिलेलं कारण सरळ होतं : निवांत असताना चार-पाच मिनिटं खेळावं म्हणून केलेला गेम व्यसन झाला, ही अडचण झाली, ती सोडवायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे गेम काढणं.

पण स्टोअरवरून काढणं म्हणजे फक्त नव्या लोकांसाठी दार बंद करणं. ज्यांच्या फोनमध्ये गेम होता त्यांच्याकडे तो राहिला, चालत राहिला, आणि त्यातल्या जाहिरातीही चालत राहिल्या. मार्चच्या त्या मुलाखतीच्या वेळीसुद्धा पैसे येतच होते. जाहिरातीचं खातं बंद करणं त्याच्या हातात होतं. त्याने ते केलं नाही, आणि का करावं? नोकरी सोडली, नवी गाडी आणि फ्लॅट घ्यायचं मनात होतं, आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला. आधीच्या कमाईचाही ढोबळ हिशेब मांडून पाहा. ५० हजार हा आकडा सगळ्या बावीस दिवसांना लावला, म्हणजे हात सैल सोडून धरला, तर ११ लाख डॉलर, तेव्हाचे पावणेसात-सात कोटी रुपये. पुढे येऊ शकणारे पैसे त्याने सोडले हे खरंच. पण हातातले सोडले नाहीत. म्हणून त्यागाची गोष्ट मला पटत नाही. त्याला पैशाचा त्रास नव्हता, माणसांचा होता.

इकडे बाजाराने ती मोकळी जागा एक दिवसही रिकामी ठेवली नाही. मासा, मधमाशी, ड्रॅगन, नाना प्राण्यांना पंख लावून नळांतून उडवणाऱ्या नकला शेकड्यांनी आल्या. इतक्या, की ॲपल आणि गूगलने नावात 'फ्लॅपी' असलेले गेम परत पाठवायला सुरुवात केली. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर फ्लॅपी बर्ड असलेले जुने आयफोन हजारो डॉलरना विकायला लागले. एकाची बोली ९० हजारांच्या पुढे गेली. थट्टेखोरांचीच कामं ही. ईबेने नियमावर बोट ठेवलं की जुना फोन विकताना आतलं सगळं पुसलेलं हवं, आणि त्या जाहिराती उतरवल्या.

डोंगने आपले बाकीचे दोन्ही गेम स्टोअरवर तसेच ठेवले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी कुणाची झोप उडवली नव्हती. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याने फ्लॅपी बर्ड्स फॅमिली आणला, तोही फक्त ॲमेझॉनच्या फायर टीव्हीसाठी, दोघांना मिळून खेळता येईल असा. ही निवड मला फार बोलकी वाटते. टीव्ही खिशात मावत नाही, वर्गात बाकाखाली लपत नाही, आणि शेजारी दुसरं माणूस बसलेलं असतं. गेममध्ये बसवता न आलेला ब्रेक त्याने यंत्र निवडून बसवला. त्याच महिन्यात स्विंग कॉप्टर्स आला, तितकाच अवघड, ९९ सेंट भरले की जाहिराती बंद. थोडी हवा झाली, नकला पहिल्याच दिवशी हजर होत्या, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं निवळलं. २०१७ च्या जानेवारीत आणखी एक निन्जांचा गेम आला. मग ट्विटरवरही शांतता.

जुना फ्लॅपी बर्ड आयफोनवर खऱ्या अर्थाने संपला तो त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये. आयफोन चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस ११, आली, ३२ बिटचे जुने ॲप त्यावर चालेनासे झाले, आणि ज्यांनी तीन वर्षं गेम जपून ठेवला होता त्यांच्या फोनवरून तो ॲपलच्या एका अपडेटने गेला.

विकून सुटलेले दोघे

ब्रेक नव्हता म्हणून असं झालं, हे माझं म्हणणं एका उदाहरणाने जरा लंगडं पडतं. २०२१ च्या शेवटी जॉश वॉर्डलचा वर्डल हा शब्द ओळखायचा गेम गाजला. दिवसाला एकच शब्द, तो झाला की उद्या या; म्हणजे ब्रेक गेमच्या हाडीमाशी होता. जाहिराती नव्हत्या, ॲपसुद्धा नव्हतं. १ नोव्हेंबरला ९० खेळाडू होते, दोन महिन्यांत तीन लाख, मग कित्येक लाख. नकलाही आल्या. आणि ३१ जानेवारी २०२२ ला त्याने वर्डल 'न्यूयॉर्क टाइम्स'ला विकून टाकला, दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला. हा पसारा एकट्याला झेपणारा नाही, असा त्याचाही सूर होता.

मग कंपनी असती तर निभावलं असतं का? माइनक्राफ्ट हा गेम बनवणाऱ्या मार्कुस पेर्सॉनकडे मोयांग ही रीतसर कंपनी होती, माणसं होती, वकील होते. फ्लॅपी बर्ड गेला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने ती २.५ अब्ज डॉलरना मायक्रोसॉफ्टला विकल्याचं जाहीर केलं आणि निरोपाच्या पत्रात लिहिलं की हे पैशासाठी नाही, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून आहे.

तिघांनाही सारखीच गोष्ट नको होती : लाखो अनोळखी माणसांचं थेट आपल्या नावाला येऊन चिकटणं. फरक पडतो तो पुढे. वॉर्डल आणि पेर्सॉन यांना आपल्या गेममध्ये खोट दिसत नव्हती, म्हणून त्यांनी तो चालता ठेवून दुसऱ्याच्या हवाली केला. डोंगला दिसत होती. त्याच्या मते गेमच लोकांना त्रास देत होता, मग तो दुसऱ्याला विकणं म्हणजे त्रास विकणं. 'विकायचा नाही, विचारू नका' हे वाक्य मला म्हणूनच नुसतं त्राग्याचं वाटत नाही.

नाव

गेम काढला तरी नाव कुणाचं? दहा वर्षांनी हा प्रश्न आला.

१२ सप्टेंबर २०२४ ला 'फ्लॅपी बर्ड फाउंडेशन' नावाच्या मंडळींनी जाहीर केलं की फ्लॅपी बर्ड परत येतोय, नवी पात्रं, नवे प्रकार, आणि आम्ही मूळ गेमचे चाहते आहोत. पक्षी तोच, नळ तेच. हक्क त्यांनी गेमटेक होल्डिंग्ज या अमेरिकी कंपनीकडून मिळवले होते. गेमटेकने अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात डोंगच्या नावावरच्या नोंदीला आव्हान दिलं होतं, मुद्दा हाच की हे नाव त्याने वापरायचं सोडून दिलंय. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा हक्क संपला. त्या फ्रेंच निवडुंगवाल्या गेमचे हक्कसुद्धा या मंडळींनी घेऊन ठेवले होते, म्हणजे तयारी पक्की होती. लवकरच त्यांच्या संकेतस्थळाच्या आडबाजूच्या पानांत क्रिप्टोचे, म्हणजे आभासी चलनाचे, उल्लेख सापडले.

१५ सप्टेंबरला डोंग सात वर्षांनी ट्विटरवर बोलला. तीन छोटी वाक्यं : या गेमशी माझा संबंध नाही. मी काहीही विकलेलं नाही. क्रिप्टोला माझा पाठिंबा नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही झालेलं नाही. अमेरिकेत ट्रेडमार्क सलग तीन वर्षं वापरला नाही तर तो सोडला असं सकृद्दर्शनी धरतात. आपल्या ट्रेड मार्क कायदा, १९९९ मध्ये कलम ४७ खाली पाच वर्षं किंवा जास्त काळ न वापरलेली नोंद, तिची झळ पोचणाऱ्या कुणालाही रद्द करून मागता येते. वापर करणं किंवा हातचं जाऊ देणं, एवढेच दोन मार्ग कायद्याला माहीत आहेत. 'माझं आहे, पण मी ते चालवणार नाही आणि तुम्हीही चालवू नका' ही डोंगची भूमिका त्याच्या कोणत्याच कलमात बसत नाही. चित्र आणि प्रोग्रॅमवरचा कॉपीराइट वेगळा, तो वापर थांबवल्याने जात नाही. पण त्यासाठी कोर्टात उभं राहावं लागतं, वकिलाला पैसे द्यावे लागतात, आणि पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यावं लागतं. ते तीन वाक्यांचं ट्विट टाकून डोंगने विषय तिथेच सोडला.